एसआय जॉइंटचा एमआरआय उघडलात की आधी इलियाकस मसल बघा

रेडिओलॉजीत फर्स्ट-सेकंड इयरला असलेल्यांसाठी लिहितोय. स्टरवर (पाणी उठून दाखवणारा एमआरआयचा सिक्वेन्स) एडिमा, म्हणजे सूज, पांढरा दिसतो, सॅक्रोइलियाक (एसआय) म्हणजे कण्याच्या तळाचं हाड सॅक्रम आणि कुल्ल्याचं हाड इलियम यांच्यातल्या जॉइंटचा खालचा-पुढचा भाग सायनोव्हियल आणि मागचा-वरचा लिगामेंटचा, हे तुम्हाला येतंच, त्यात जात नाही. मी जिथे चुकलो तेवढंच सांगायचंय, कारण ती केस आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

सेकंड इयरला होतो. विशीतला मुलगा, तीन आठवडे कंबर आणि डावा कुल्ला दुखतोय, मांडीच्या मागून कळ खाली जाते, फॉर्मवर 'डिस्क?' आणि त्याखाली 'एसआय स्क्रीनिंग'. स्पाइन स्वच्छ. स्क्रीनिंगच्या कोरोनल स्टरमध्ये डाव्या जॉइंटच्या दोन्ही बाजूंना, सॅक्रममध्येही आणि इलियममध्येही, ठळक एडिमा. मला असासची (स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस या संधिवातावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाची) सॅक्रोइलायटिसची, म्हणजे या जॉइंटच्या दाहाची, २००९ ची व्याख्या पाठ होती, एका स्लाइसवर दोन ठिकाणी एडिमा किंवा लागोपाठ दोन स्लाइसवर एका ठिकाणी, आणि ती इथे तंतोतंत बसत होती. लिहून मोकळा झालो: डावीकडचा सॅक्रोइलायटिस, स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसची शक्यता, एचएलए बी २७ (या संधिवाताशी जोडलेल्या जीनची टेस्ट) करून घ्या. तापाचं विचारलं नाही, ईएसआर-सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) बघितलं नाही.

दोन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा स्ट्रेचरवर होता. आई म्हणाली, "आडवा केला की पाय सरळच होत नाही हो डॉक्टर." गुडघ्याखाली उशी दिल्याशिवाय तो मशीनमध्ये झोपू शकत नव्हता. जॉइंटच्या पुढच्या इलियाकसमधून शेजारच्या सोआस मसलच्या बाजूने खाली उतरलेला पू होता. सरांनी काही न बोलता जुना स्कॅन लावला आणि बोट हाडावर न ठेवता हाडाच्या पुढे ठेवलं. इलियाकसमध्ये पिसासारखा पसरलेला पांढरा एडिमा पहिल्या दिवशीही होता. हाडाच्या पुढच्या बाजूच्या त्या तीन-चार स्लाइस मी भराभर स्क्रोल करून सोडल्या होत्या.

हे नीट समजून घ्या, म्हणून जरा लांबण लावतो. जॉइंटच्या मागे इंटरऑसियस लिगामेंटचा जाड थर आहे, पुढे कॅप्सूल पातळ, आणि त्या कॅप्सूलला लागूनच इलियाकस. आत पू झाला की त्याला पुढचीच वाट सोपी पडते. कॅप्सूल फुगतं, फुटतं, मसल भिजतो, मग पू सोआसच्या मार्गाने जांघेतल्या इन्ग्वायनल लिगामेंटखालून लेसर ट्रोकॅन्टरकडे (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा आतला उंचवटा) उतरतो, म्हणून पेशंट मांडी पोटाशी ओढून झोपतो. लंबोसॅक्रल ट्रंकही (पायाकडे जाणारी नस) जॉइंटच्या अगदी पुढूनच जातो, म्हणून कळ पायात जाते आणि सगळे डिस्क शोधत बसतात. स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसचा एडिमा मात्र हाडाची, कॅप्सूलची मर्यादा सहसा ओलांडत नाही. हाडातला एडिमा दोन्ही आजारांत सारखाच दिसतो हो, त्यावरून काही ठरत नाही. हाडाबाहेर काय चाललंय ते बघा. असासची व्याख्या चुकीची नाही, पण ती संधिवाताच्या पेशंटसाठी बनवलीय, आणि इन्फेक्शन तिच्यात सहज बसतं.

सरळच सांगतो: एकाच बाजूचा सॅक्रोइलायटिस दिसला की इन्फेक्शन नाही हे पटेपर्यंत रिपोर्टमध्ये संधिवात पहिल्या नंबरवर लिहू नका. तुमच्या त्या एका ओळीवर कोणी जॉइंटमध्ये स्टिरॉइड देईल, कोणी पुढे बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारं संधिवाताचं औषध) सुरू करेल, आणि आत टीबी असेल तर तो भडकेल.

घाबरू पण नका. नेहमीच्या एसआय प्रोटोकॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त ऑब्लिक कोरोनल (तिरक्या उभ्या) स्लाइस असतात, त्यामुळे शंका आली की पेशंट टेबलवर असतानाच टेक्निशियनला सांगा, मोठ्या फील्डचा ॲक्झियल (आडव्या छेदांचा) स्टर घ्या, लेसर ट्रोकॅन्टरपर्यंत खाली या, आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) ठीक असेल तर कॉन्ट्रास्ट द्या. काही मिनिटांचं काम आहे. चांगल्या टेक्निशियनशी दोस्ती ठेवा, मला निम्मं एमआरआय त्यांनीच शिकवलंय. आणि रेडीमेड टेम्प्लेटवर रिपोर्ट करू नका, त्यात मसलची ओळच नसते म्हणून डोळाही तिकडे जात नाही, हे माझं ठाम मत आहे. उत्तर चटकन सांगून टाकणाऱ्या सीनियरपेक्षा "अजून काय दिसतंय?" असं तीनदा विचारणारा पकडा, त्रास होईल पण तोच कामाला येईल.

बाकी थोडक्यात. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे नॉर्मल असू शकतो, त्यावर विसंबू नका. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या जॉइंटजवळ नुसत्या ताणानेही एडिमा येतो, तिथेही मसल आणि ताप विचारा. गुरंढोरं, कच्चं दूध असा इतिहास असेल तर ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू) डोक्यात ठेवा. कॉन्ट्रास्टनंतर ॲब्सेसची भिंत पातळ-गुळगुळीत असली तर टीबीकडे झुकतं, जाड-वेडीवाकडी असली तर स्टॅफसारख्या पू करणाऱ्या जंतूंकडे, पण नुसत्या चित्रावर औषध ठरवू देऊ नका, सॅम्पल हवंच. शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच कल्चर पाठवा म्हणून ऑर्थोच्या रेसिडेंटला स्वतः फोन करा, रिपोर्ट लिहून वाट बघू नका.

त्या मुलाचा पू आम्ही सीटी गायडेड काढला, सीबीनॅटमध्ये (टीबीची जीन-टेस्ट) टीबी निघाला, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला सेन्सिटिव्ह. औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी फॉलोअपचा एमआरआय माझ्याच ड्यूटीला आला. हाडातला एडिमा बराचसा तसाच होता, तो बरं होत असतानाही महिनोन् महिने राहतो, त्यामुळे तेवढ्यावरून 'रिस्पॉन्स नाही' असं लिहायची घाई करू नका. मी आधी पुढच्या बाजूच्या स्लाइस उघडल्या. ॲब्सेस गेला होता, इलियाकस दोन्ही बाजूंना जवळपास सारखा दिसत होता. टेक्निशियनला विचारलं, उशी दिली होती का? म्हणाला, नाही सर, दोन्ही पाय सरळ ठेवून झोपला होता.