चाळिशी लागल्यावर बारीक काम: आधी टेप आणा, भिंग नंतर

मी घरी एचएमटीची जुनी चावीची घड्याळं उघडतो, साफ करतो, परत जुळवतो, आणि अधूनमधून रेडिओ, चार्जर असलं सोल्डरिंगही करतो. वय ६३. पंचेचाळिशीत पहिल्यांदा बॅलन्सचा, म्हणजे घड्याळातल्या डोलणाऱ्या चाकाचा, स्क्रू दोन-दोन दिसायला लागला तेव्हापासून मी भिंगांवर बराच पैसा घालवलाय, आणि त्यातला निम्मा तरी "१० एक्सचं घे रे, सगळं लख्ख दिसतं" या सल्ल्यापायी गेला. हा सल्ला देणाऱ्याने १० एक्सखाली, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, एक स्क्रू तरी बसवून दाखवावा.

सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. माझा एक मित्र दोन वर्षं दिवे बदलत बसला, शेवटी मोतीबिंदू निघाला. रस्त्यावरचा रेडिमेड चष्मा पेपर वाचायला ठीक आहे, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसेल तर लागणारा नंबर तर नसतोच, त्यामुळे त्याच्यावर भिंग चढवलं की चूकही मोठी होऊन दिसते.

मग टेप. कामाला बसता तसं बसा, कोपरं टेबलावर टेकवा, हातात चिमटा धरा, आणि घरातल्या कुणालातरी डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. स्वतः मोजू नका, स्वतः मोजताना आपण नकळत ताठ बसतो. माझं घड्याळाचं अंतर २० सेंटिमीटर आणि सोल्डरिंगचं ३०, कारण इस्त्रीहून जास्त तापलेलं टोक नाकाजवळ नको. अंतर फारच जास्त आलं आणि मान वाकत असेल तर टेबल उंच करा, घड्याळजींचं टेबल छातीपर्यंत येतं ते उगाच नाही. मी जेवणाच्या टेबलावर एक लाकडी खोकं ठेवतो, बायकोची त्याच्यावर आजही नाराजी आहे पण मान दुखायची थांबली.

आता खरी गोम, जिथे मी तीन वर्षं चुकत होतो. डोक्याला पट्ट्याने लावायचं भिंग आणलं, खोक्यावर लिहिलेलं की २० सेंटिमीटरवर फोकस. घरी लावलं तर १३ वर. मला वाटलं माल खराब आहे, दुकानदाराशी भांडून बदलून आणलं, दुसरंही तसंच! मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की मी भिंगाच्या खाली वाचायचा चष्मा घालून बसलोय, आणि नंबरांची बेरीज होते. हिशोब अगदी सोपा आहे: १०० भागिले नंबर, म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंतर. भिंग ५ नंबरचं, १०० भागिले ५ म्हणजे २० सेंटिमीटर. पण खाली प्लस अडीचचा चष्मा असेल तर एकूण साडेसात, आणि १०० भागिले साडेसात म्हणजे तेरा आणि काहीतरी. दुकानदार बिचारा बरोबर होता.

त्यामुळे उलटा हिशोब करा. टेपवर २० आलं तर तुम्हाला एकूण ५ नंबर हवा. तो नुसत्या ५ च्या भिंगाने मिळवा किंवा अडीचचा चष्मा अधिक अडीचचं भिंग असा मिळवा, मी दुसरं करतो कारण भिंग वर सरकवलं तरी टेबलावरची बाकीची हत्यारं दिसतात. ज्यांना लांबचाही नंबर आहे त्यांनी चिठ्ठीवर "अ‍ॅड" म्हणून जो आकडा असतो तो बेरजेत धरायचा, अख्खा जवळचा नंबर नाही, इथे बरेच लोक गोंधळतात. मायनस चारवाले मात्र नशीबवान, चष्मा काढला की २५ सेंटिमीटरवर फुकट फोकस. पन्नाशीच्या आतल्यांचा डोळा स्वतःही थोडा जोर लावतो म्हणून अंतर काही सेंटिमीटर आणखी जवळ येईल, त्याने बिघडत नाही.

आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर भिंग लावू नका, प्लीज. त्यात जवळचा भाग खाली असतो, मग हनुवटी वर करून भिंगातून बघायचं, तासाभरात मानेचा दगड होतो. कामासाठी वेगळा, फक्त जवळचा साधा चष्मा करून घ्या आणि चष्मेवाल्याला "वाचायला हवाय" असं सांगू नका, टेपवरचा आकडा सांगा. "वाचायला" म्हटलं की तो साधारण ४० सेंटिमीटरचा बनवतो.

एक्सचं काय? विसरा. एकच ५ नंबरचं भिंग, एक कंपनी चाराने भागून १.२५ एक्स लिहिते, दुसरी त्यात एक मिळवून २.२५ एक्स लिहिते, दोघंही खोटं बोलत नाहीत. नंबर म्हणजे डायॉप्टर विचारा, तो दुकानदाराला माहीत नसेल तर किती अंतरावर फोकस होतं ते स्वतः टेप लावून बघा, चष्मा न घालता किंवा लांबचा घालून.

१० एक्सच्या भिंगाला काम अडीच सेंटिमीटरवर आणावं लागतं. तेवढ्या फटीत चिमटा, स्क्रूड्रायव्हर आणि उजेड तिन्ही मावत नाहीत, शिवाय फोकसमध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा, श्वास घेतला तरी हललं. मी तसल्या भिंगाखाली हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसाएवढी बारीक स्प्रिंग, सोडवायला गेलो आणि चिमटा भिंगाला आपटून तिचा पार गुंता केला. आयग्लास, म्हणजे घड्याळजी डोळ्यात धरतात ते भिंग, माझ्याकडे आहे, पण ते तपासायला: ज्वेलला, म्हणजे चाकाची टोकं ज्यात फिरतात त्या खड्याला, तडा आहे का, तेल जास्त झालं का. एका डोळ्याने खोली कळत नाही. काम करायला दोन्ही डोळ्यांचं डोक्याचं भिंगच घ्या, काचेचं, अ‍ॅक्रिलिकचं सदऱ्याने दोनदा पुसलं की गेलं.

आता उजेड. यावर लोक सगळ्यात कमी खर्च करतात आणि खरा फरक इथेच पडतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि आतलं नैसर्गिक भिंग पिवळट पडतं. भरपूर उजेडाचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही: बाहुली आणखी आवळते आणि त्यामुळे फोकसची जागा वाढते, म्हणून तोच स्क्रू उन्हात बिनभिंगाचाही दिसतो. आधी दिवा नीट करा, मग बघा, कदाचित एक नंबर कमी पुरेल.

मोठा बल्ब नको, दिवा जवळ आणा. ६० सेंटिमीटरवरचा ३० वर आणला की उजेड चौपट. छतावरची ट्यूब उपयोगाची नाही, वाकलं की आपल्याच डोक्याची सावली कामावर. मी दोन मुडपणारे दिवे वापरतो, मुख्य डावीकडून कारण मी उजवा आहे, दुसरा उजवीकडून जरा मंद, दोन्हींच्या टोप्या डोळ्याच्या पातळीखाली, म्हणजे बल्ब थेट दिसत नाही. स्क्रूची खाच सापडत नसेल तर एक बंद करून दुसरा अगदी आडवा करा, सावलीने खाच उठून दिसते. म्हणूनच डोक्याच्या भिंगावरची एलईडी मला आवडत नाही, समोरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट होतं आणि चकचकीत पितळेवरून तोच परत डोळ्यात येतो.

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघा, ९० किंवा वर. रेझिस्टर या सर्किटमधल्या भागाची किंमत त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात, आणि स्वस्त एलईडीखाली तांबडा, नारिंगी आणि तपकिरी पट्टा एकसारखे दिसतात, मी एकदा त्यापायी चुकीचा लावलाय. रंग ४००० केल्विनच्या आसपास, अगदी निळसर पांढरा डोळ्यात पसरतो. दुकानात मोबाईलचा कॅमेरा पेटत्या बल्बकडे धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले म्हणजे तो लुकलुकतोय, ठेवून द्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत दिवे लावून दाखवतात, ऑनलाइन घेण्यापेक्षा ते बरं.

टेबलावर फिक्या रंगाचा, न चमकणारा कागद पसरा. काच नको.

काम झाल्यावर भिंग झाकून ठेवा. माझं टेबल खिडकीपाशी आहे, एका एप्रिलमध्ये चहाला उठलो आणि परत येईपर्यंत उन्हाने भिंगातून टेबलाच्या सनमायकावर पाचच्या नाण्याएवढा काळा डाग पाडला होता. नशिबाने तिथे पेट्रोलची वाटी नव्हती, घड्याळाचे भाग मी तेव्हा पेट्रोलने धुवायचो. आता भिंगावर जुना मोजा असतो.