एरियाचं ईव्ही चार्जिंग प्लॅन करायचंय? आधी रात्री फिरून गाड्या मोजा

वॉर्डात चार्जिंग स्टेशन कुठे टाकायची हे ठरवायला चार माणसं बसली की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, मोकळी जागा कुठे आहे? माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न शेवटी विचारा. आधी गाड्या रात्री कुठे उभ्या राहतात ते बघा, मग तिथल्या ट्रान्सफॉर्मरला किती लोड झेपेल ते विचारा, आणि मग जागा शोधा. उलटं केलं की चार्जर अशा ठिकाणी बसतो जिथे दिवसभर कोणी फिरकत नाही आणि दोन गल्ल्या सोडून लोक खिडकीतून वायर टाकून गाड्या चार्ज करत असतात.

केंद्राच्या २०१८ च्या गाईडलाईन्समध्ये शहरात दर ३ बाय ३ किमीच्या चौकोनात किमान एक पब्लिक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण मुंबईत असा एक चौकोन काढून बघा, त्यात बीकेसीचे काचेचे टॉवर पण येतात आणि कुर्ल्याच्या चाळी पण, आणि दोघांची गरज पूर्ण वेगळी. टॉवरमधल्या गाडीला बेसमेंटमध्ये आठ तास मिळतात, तिला साधा स्लो एसी चार्जर पुरतो. चाळीतल्या रिक्षाला रात्रीचे पाच-सहा तास, आणि टॅक्सीवाल्याला दुपारी जेवायला थांबतो तेवढा अर्धा-पाऊण तास. म्हणून नकाशावर चौकोन काढायच्या आधी वही घ्या आणि रात्री बारा ते दोनमध्ये फिरा. आणि फक्त इलेक्ट्रिक गाड्या मोजू नका हां, सीएनजीच्या रिक्षा, टेंपो, डिलिव्हरीवाल्यांच्या बाईक सगळं मोजा, कारण उद्याचं गिऱ्हाईक तेच आहे.

असंच एकदा कुर्ल्यात मोजत फिरताना एक इलेक्ट्रिक रिक्षा दिसली, लाँड्रीच्या खिडकीतून पिवळी वायर बाहेर आलेली, जोडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, चालक मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला. त्याला विचारलं, दादा रोज इथेच लावता का? म्हणाला, "रोज कुठलं, इस्त्री चालू असली की एमसीबी पडते. आणि सहाला गाडी दुसऱ्याला द्यायची असते, तोवर भरली नाही तर दोघांचा धंदा बुडतो." सहाला गाडी द्यायची असते हे कुठल्याच नकाशावर दिसत नाही, आणि आख्खा हिशोब त्यावरच उभा असतो.

हिशोब असा करायचा. समजा एका गल्लीत ४० रिक्षा आहेत, प्रत्येकीला रोज ८ युनिट लागतात, म्हणजे ३२० युनिट, चार्जिंगमध्ये साधारण १० टक्के वाया जातात ते धरून ३५०. सगळ्यांनी एकदम ३.३ किलोवॅटच्या पॉइंटला लावलं तर लोड होतो १३२ किलोवॅट. पण रात्री बारा ते सहा असे सहा तास आहेत आणि एका रिक्षाला पावणेतीन तासच लागतात, म्हणजे २०-२० च्या दोन पाळ्या केल्या की ६६ किलोवॅटमध्ये काम होतं. चाळीसही पॉइंट द्या, गाडी आली की लावून टाकायची, पण पाळी आपोआप बदलणारं लोड मॅनेजमेंट सुरुवातीलाच बसवून घ्या, रात्री तीनला उठून प्लग बदलायला कोणी येत नसतं. अर्ध्या लोडमध्ये भागलं तर कदाचित नवीन ट्रान्सफॉर्मर लागणारच नाही, आणि मुंबईत ट्रान्सफॉर्मरसाठी जागा मिळवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आता वीज कंपनी. मुंबईत हे एका ऑफिसात होत नाही, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, टाटा पॉवरचं स्वतःचं नेटवर्क वेगळं, आणि भांडुप-मुलुंडला, ठाण्यात, नवी मुंबईत महावितरण. एरियाचा प्लॅन दोन कंपन्यांच्या हद्दीत पडत असेल तर दोघांकडे स्वतंत्र जा. चार-पाच जागांची यादी द्या आणि विचारा की यातल्या कुठल्या सबस्टेशनवर लोड शिल्लक आहे आणि केबल किती मीटर ओढावी लागेल. २०० मीटर केबल म्हणजे २०० मीटर रस्ता खोदायचा, त्याची परवानगी, रस्ता पूर्ववत करायचा खर्च, आणि पावसाळ्यात तातडीचं काम सोडलं तर महापालिका चर खोदू देत नाही, त्यामुळे मे महिन्यात अर्ज घेऊन गेलात तर सरळ ऑक्टोबर उजाडतो. अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.

पब्लिक चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचं लायसन्स लागत नाही, २०१८ मध्येच केंद्राने हे स्पष्ट केलंय, त्यामुळे मार्केटवाले, सोसायट्यांचं फेडरेशन, रिक्षा युनियन कोणीही पुढे येऊ शकतं. आणि २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार सोसायटीत राहणाऱ्याला ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, हे सेक्रेटरी काकांना शांतपणे दाखवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पावसाचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. आम्ही एकदा एका पुलाखालची जागा जवळजवळ पक्की केली होती, पे अँड पार्क होतं, सबस्टेशन समोर, सगळं छान. बाजूच्या हार्डवेअरवाल्या काकांनी नुसतं शटर खाली ओढून दाखवलं. गुडघ्याच्या वर सरळ आडवी गंजाची रेघ, दरवर्षी पाणी तिथवर येतं. तो चार्जर बसवला असता तर पहिल्याच जुलैत पाण्यात गेला असता. तेव्हापासून हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशी सगळ्यांना पाठ असलेली ठिकाणं तर सोडाच, पण प्रत्येक गल्लीत जुन्या दुकानदाराला विचारतो पाणी कुठवर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, तेव्हाची खूण कोणी दाखवली तर ती पण लिहून घ्या. चौथरा त्या नेहमीच्या रेघेच्या वर हवा आणि डीपी, म्हणजे वीज वाटणारी पेटी, त्याहून वर. समुद्राजवळ खारी हवा लोखंड खाते, तिथे पेटीच्या मटेरियलवर पैसे वाचवू नका.

फास्ट चार्जर कुठे? टॅक्सी दिवसाला २०० किमी फिरली आणि युनिटला ७ किमी धावली तर तिला तीसेक युनिट लागतात, ६० किलोवॅटच्या चार्जरवर जेवणाच्या वेळात होतं. पण दोन गनवाल्या (गन म्हणजे गाडीत लावायचा प्लग) ६० च्या मशीनला दोन गाड्या लागल्या की बऱ्याचदा ३०-३० वाटले जातात, आणि ८० टक्क्यांनंतर स्पीड पडतोच, तेव्हा कागदावरच्या आकड्याला भुलू नका. जवळ संडास, चहा, सावली आहे का बघा. चारचाकी गाड्यांना सीसीएस२ प्रकारचा फास्ट चार्जिंगचा प्लग लागतो, पण स्कूटर-रिक्षांची सॉकेट वेगळी असतात, मोजताना ते पण लिहा. आणि केबलची लांबी! कोणाचं पोर्ट पुढे, कोणाचं मागे डाव्या बाजूला, छोट्या केबलमुळे गाड्या आडव्या लावून दुसरी जागा अडते.

शहराबाहेर हिशोब घाटाचा. पुण्याकडे जाताना बोरघाट चढताना बॅटरी भराभर उतरते, म्हणून त्या बाजूचा चार्जर घाटाच्या आधी, खालापूरच्या आसपास हवा, उतरताना रीजनमुळे, म्हणजे ब्रेक लावताना परत वीज बनते त्यामुळे, उलट थोडी भरते. नाशिककडे कसाऱ्याला तेच. एक्स्प्रेसवेवर एका बाजूचा चार्जर दुसऱ्या बाजूच्या गाडीला काही कामाचा नाही, दोन्हीकडे वेगळे धरा. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची गर्दी वर्षभराच्या सरासरीवर मोजली तर माणगावच्या पुढे लोक पोराबाळांसकट अडकतील, त्या आठवड्यासाठी जादा सोय आधीच ठरवून ठेवा.

भिवंडीची गोदामं आणि उरणचं जेएनपीए बंदर इथे ट्रक माल चढ-उतार करताना तासन्‌तास उभे असतात, तिथेच डॉकवर चार्जिंग द्या. हायड्रोजनचं सध्या एवढंच, २०२५ मध्ये केंद्राने देशभरात ३७ बस-ट्रक आणि ९ रिफ्युएलिंग स्टेशनचे पायलट, म्हणजे प्रायोगिक प्रोजेक्ट, मंजूर केलेत, त्यात पुणे-मुंबई रूट आहे. वॉर्डाच्या प्लॅनमध्ये त्यासाठी जागा अडवू नका, बंदर-महामार्गाच्या प्लॅनमध्ये एखादा मोठा प्लॉट राखा, कारण उच्च दाबाच्या टाक्यांभोवती सुरक्षित अंतर सोडावं लागतं.

चार्जर सुरू झाले की सहा महिने तासातासाचा डेटा काढा, आणि देखभालीच्या करारात बंद पडल्यापासून किती तासांत माणूस यायला हवा ते लिहून घ्या, रात्रीचा फोन नंबर मशीनवर मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत रंगवा, आणि त्या नंबरवर रात्री दोनला स्वतः फोन लावून बघा.