हेडफोन अँपचा आवाज फाटतोय? आयसी बदलायच्या आधी ग्राउंड मोजा

हे सगळं सीमॉय अँपबद्दल आहे, म्हणजे ९ व्होल्टची एकच बॅटरी, एक डबल ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी, एकात दोन) आणि दोन रेझिस्टर लावून मधोमध काढलेलं ग्राउंड, म्हणजे सिग्नलचा शून्य व्होल्टचा बिंदू. पहिला अँप बहुतेकांचा हाच असतो.

आधी एवढं बघा की आवाज नेमका कधी फाटतो. फक्त व्हॉल्यूम वाढवल्यावर फाटत असेल तर ते क्लिपिंग आहे, म्हणजे लाटेची टोकं कापली जातात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बॅटरी मोजा, ७ च्या आसपास आली असेल तर नवी लावा. नवी लावूनही फाटतो? मग गेन बघा, म्हणजे अँप सिग्नल किती पट करतो ते. मूळ डिझाइनमधे १के आणि १०के चे रेझिस्टर आहेत (के म्हणजे हजार ओहम) म्हणजे गेन ११, आणि ३२ ओहमच्या हेडफोनला एवढा लागतच नाही, कारण यात नेहमी लावतात तो ऑपअँप, ओपीए२१३४, आउटपुट शॉर्ट केला तरी ४० मिलीअँपच्या आसपासच देतो, म्हणजे ३२ ओहमवर सव्वा व्होल्टच्या पुढे तो जाऊच शकत नाही. १०के च्या जागी २.२के टाका, गेन ३.२ होईल आणि पॉट (व्हॉल्यूमचा नॉब) फिरवायलाही नीट जागा मिळेल.

पण हळू आवाजातही फाटत असेल, त्यातही बासला जास्त, तर खरं काम इथे आहे.

हेडफोन काढा, गाणं बंद ठेवा, मल्टीमीटर डीसी मिलीव्होल्टवर घ्या आणि आयसीच्या १ आणि ७ नंबर पिनवर (हे दोन आउटपुट) ग्राउंडच्या मानाने किती येतं ते बघा. १० च्या आत आलं तर उत्तम. माझ्याकडे २०० च्या वर आलं होतं. ओपीए२१३४ मिळाला नाही म्हणून मी एनई५५३२ हा दुसरा ऑपअँप बसवला होता आणि दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसलो होतो, पण सोल्डरिंग चांगलंच होतं. त्या आयसीच्या इनपुटला साधारण २०० नॅनोअँप करंट लागतो, तो इनपुटच्या १००के रेझिस्टरमधून जातो, म्हणजे तिथेच २० मिलीव्होल्ट झाले, त्याला गुणिले ११. आता हेडफोन लावला की हा डीसी त्यातून ग्राउंडमधे वाहतो, आणि आपलं ग्राउंड ४.७के च्या दोन रेझिस्टरवर उभं आहे, त्याला तेवढा करंट झेपत नाही, ते एका बाजूला सरकतं आणि लाटेचं एक टोक कापलं जातं.

खात्री करायची तर बॅटरीच्या मायनसपासून ग्राउंडपर्यंतचं व्होल्टेज हेडफोन लावून आणि काढून असं दोन्ही वेळा मोजा (जुनाच हेडफोन घ्या हां, चांगल्याची कॉइल डीसीवर जाळू नका). ४.५ चे ३ किंवा ६ झाले की चोर सापडला.

उपाय म्हणजे एफईटी इनपुटचा आयसी, ज्याच्या इनपुटला करंट जवळजवळ लागतच नाही, ओपीए२१३४ तसाच आहे. तो अस्सल घ्या, फार स्वस्तात मिळणाऱ्यांवर नुसतं नाव छापलेलं असू शकतं. ५५३२ च ठेवायचा असेल तर १००के काढून १०के लावा, पण मग इनपुटचा ०.१ मायक्रोचा कॅपॅसिटरही १ मायक्रोचा करावा लागेल नाहीतर बास जाईल. वर गेनही कमी केलात तर डीसी ६-७ मिलीव्होल्टवर येतो.

आता डीसी ठीक आहे, ग्राउंडही जागेवर आहे, तरी आवाज खरखरीत येतोय आणि गाणं बंद असतानाही आयसी गरम लागतोय? मग तो ऑसिलेट होतोय, म्हणजे सिग्नल नसताना स्वतःच लाटा काढतोय. पिन ४ आणि ८ (सप्लायच्या पिन) च्या मधे ०.१ मायक्रोचा सिरॅमिक कॅपॅसिटर अगदी आयसीला चिकटून लावा, लांब वायरी कापा.

आणि फाटण्याऐवजी आवाज पोकळ येत असेल, गाणाऱ्याचा आवाजच गायब होत असेल, तर सर्किटला हात लावू नका, जॅकच्या ग्राउंडची वायर सुटली आहे, तेवढी परत सोल्डर करा.