कांद्याच्या मुळात स्पिंडल फायबरचं काम कसं बघायचं

आधीच सांगून ठेवते, स्पिंडल फायबर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे धागे, ऍसिटोकार्माइन या रंगाच्या स्लाइडवर दिसत नाहीत. ट्यूब्युलिन प्रोटीनच्या सूक्ष्मनलिका त्या, एकेक जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीची, आणि हा रंग चढतो गुणसूत्रांवर. जर्नलात सगळे झोकात धागे काढतात ते पुस्तकातून. पण धाग्यांनी काय केलं ते गुणसूत्रांवरून कळतं.

कांद्याची जुनी सुकी मुळं खरवडा आणि बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर बसवा, दोन-चार दिवसांत मुळं फुटतात, पाणी रोज बदला नाहीतर घाण वास सुटतो. सकाळी मुळांची टोकं कापून 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल ऍसिटिक ऍसिडमध्ये दिवसभर ठेवा. मग 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये 60 अंशांवर पाचेक मिनिटं, म्हणजे पेशी सुट्या होतात (हे सगळं लॅबमध्येच हं, स्वयंपाकघरात नको). धुऊन घ्या, टोकाचा 1-2 मिलिमीटर ठेवून बाकी टाकून द्या कारण विभाजन तिथंच चालतं, रंग घाला, थोडं थांबा, कव्हरस्लिप ठेवा, वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा, जरा सरकलात की गेली स्लाइड.

आता मायक्रोस्कोपच्या 10एक्स भिंगावर शोधून 40एक्सवर या. मेटाफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, 16 गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात, कारण प्रत्येकाला दोन्ही ध्रुवांकडून (पेशीच्या समोरासमोरच्या टोकांकडून) धागे ओढत असतात. त्यापुढचा टप्पा, ऍनाफेज, सापडला तर तिथंच थांबा, खरी मजा त्यात आहे: अर्धुकं (गुणसूत्राचे वेगळे झालेले दोन भाग) ध्रुवाकडे जाताना गुणसूत्रबिंदू (धागा जोडलेला असतो ती जागा) पुढे आणि बाहू मागे फरपटत, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा आकार. ओढ नेमकी कुठून बसतेय ते त्यावरूनच कळतं. धागा टोकाकडून सुटत आखूड होत जातो आणि अर्धुकं त्याच्याबरोबर सरकतं. सेंट्रिओल (प्राण्यांच्या पेशीत स्पिंडलच्या ध्रुवाशी असतात ते कण) शोधत बसू नका, कांद्याच्या पेशीत ते नसतातच, तरी स्पिंडल व्यवस्थित बनतो.

धागेच नसतील तर काय होतं? कोल्चिसिन हे रसायन ट्यूब्युलिनला चिकटतं, स्पिंडल उभाच राहत नाही, गुणसूत्रं आखडून पेशीभर विखुरलेली राहतात आणि ऍनाफेज येत नाही. हेच कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं, आणि ते चांगलंच विषारी आहे, तेव्हा कंद आणून घरी प्रयोग करायला जाऊ नका. गुणसूत्रं मोजायची असतील तर लॅबवाले मुळं आधी पॅराडायक्लोरोबेन्झीनमध्ये ठेवतात, त्यानेही स्पिंडल मोडतो. म्हणून ऍनाफेज बघायचा असेल तर ती पायरी गाळा.