हेमिसेल्युलोजच्या पॅकेजिंग फिल्म बनवताना आणि तपासताना या चुका टाळा

बर्च किंवा अ‍ॅस्पेनसारख्या रुंदपर्णी झाडांच्या लाकडात हेमिसेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजसोबत असणाऱ्या, साखरेच्या रेणूंच्या साखळ्या) मुख्यतः झायलानच्या रूपात असते, तर स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांत ते गॅलॅक्टोग्लुकोमॅनानच्या रूपात आढळते. त्यांपासून बनवलेली फिल्म कोरड्या हवेत ऑक्सिजनला उत्तम अडवते, हे स्वीडन आणि फिनलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. रेणूंच्या साखळ्यांवरील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून ठेवतात आणि ऑक्सिजनला वाट उरत नाही. मात्र हेच गट पाण्यालाही तितक्याच ओढीने धरतात, आणि या पदार्थाबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला मोजलेला ऑक्सिजन-गळतीचा आकडा सर्वत्र लागू पडेल असे गृहीत धरणे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की फिल्म पाणी शोषून फुगते, साखळ्या सैल होतात आणि ऑक्सिजनची गळती अनेक पटींनी वाढते. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात गोदामातली हवा अशीच दमट असते, म्हणून आपल्याकडे वापरायच्या वेष्टनाची चाचणी २३ अंश सेल्सिअसला, पण ५० आणि ८० अशा दोन्ही आर्द्रतांना करून घ्यावी. बाष्प अडवण्याचे काम या फिल्मवर एकटीवर कधीही सोपवू नये. ईव्हीओएच (इथिलिन व्हिनाइल अल्कोहोल) या ऑक्सिजनरोधक प्लास्टिकप्रमाणे तिलाही बाष्परोधक थरांच्या मध्ये ठेवणे हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे. उष्णतेने जोड बसवण्यासाठीही पॉलिइथिलिनसारखा थर लागतोच.

शुद्ध झायलानचे द्रावण पेट्री डिशमध्ये ओतून वाळवले, तर पुष्कळदा अखंड फिल्म हाती येतच नाही, तिचे तुकडे होतात. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातील २००४ च्या अभ्यासात अ‍ॅस्पेनच्या झायलानमध्ये झायलिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे प्लास्टिसायझर (लवचीकपणा आणणारे पदार्थ) मिसळून लवचीक फिल्म मिळवल्या होत्या. पण ठिसूळपणा जाईना म्हणून प्लास्टिसायझर वाढवत नेणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे फिल्म मऊ होते तशी गळकीही होते आणि जादा सॉर्बिटॉल पुढे स्फटिकरूपाने वेगळे होऊ शकते. ग्लिसरॉल हा दुसरा प्लास्टिसायझर हवेतील ओलावा अधिक ओढतो. अशा वेळी प्लास्टिसायझर मर्यादित ठेवून कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज हा पाण्यात विरघळणारा सेल्युलोजचा प्रकार मिसळून पाहावा.

द्रावण गढूळ असेल आणि फिल्ममध्ये कण दिसत असतील, तर अर्क कसा काढला ते तपासावे. अल्कलीने काढताना साखळ्यांना जोडलेले अ‍ॅसिटाइल गट निघून जातात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. सतत ढवळत ९० अंशांच्या आसपास तापवल्याने विरघळणे बरेच सुधारते. याउलट, शुद्धीकरण जितके अधिक तितकी फिल्म चांगली, ही समजूतही चुकीची आहे. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतील २०१० च्या संशोधनात, फारसे शुद्ध न केलेल्या लाकडाच्या अर्कापासून बनवलेल्या फिल्म अतिशुद्ध हेमिसेल्युलोजच्या फिल्मपेक्षा ऑक्सिजन अडवण्यात सरस ठरल्या. महागडे शुद्धीकरण हाती घेण्यापूर्वी हा निष्कर्ष प्रत्येकाने विचारात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

उपकरणाने गळतीचा आकडा मोजमापाच्या पलीकडे दाखवला, तर सूत्र बदलण्याआधी नमुना उजेडासमोर धरून पाहावा. सुईच्या टोकाएवढा फुटलेला बुडबुडाही संपूर्ण मोजणी निरर्थक करतो, म्हणून द्रावण ओतण्यापूर्वी निर्वात पंपाने त्यातील हवा काढून टाकावी. कडेला फिल्म जाड आणि मध्ये पातळ राहते, त्यामुळे जाडी अनेक ठिकाणी मोजावी, आणि त्याआधी नमुना ठरावीक आर्द्रतेत किमान दोन दिवस स्थिरावू द्यावा. जाडी न सांगता दिलेल्या गळतीच्या आकड्यांवरून दोन फिल्मची तुलना होऊ शकत नाही.

पुठ्ठ्यावर लेप देताना पातळ द्रावण तंतूंमध्ये मुरून जाते आणि पृष्ठभागावर सलग थर उरत नाही. आधी छिद्रे बुजवणारा लेप देऊन त्यावर दोन पातळ थर, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, असे चढवावेत. त्यानंतर पुठ्ठा खोक्यासाठी दुमडतात तसाच दुमडून घडीवरची चाचणी वेगळी करावी, कारण सपाट नमुन्यावर निर्दोष दिसणारा थर तडकतो तो बहुधा याच रेषेवर.