आधी व्ह्यूफाइंडर लावा, मग आयरिसला हात लावा

व्ह्यूफाइंडरची (कॅमेऱ्यावर डोळा लावून चित्र बघायच्या छोट्या पडद्याची) ब्राइटनेस वाढवली तर कार्डावर रेकॉर्ड होणारं चित्र तसूभरही बदलत नाही. बदलतो तो फक्त तुमचा अंदाज. आझाद मैदानात दुपारच्या उन्हात चढवलेली ब्राइटनेस संध्याकाळी मंडपात शिरताना तशीच राहिली, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला चित्र भरपूर उजळ वाटतं. मग आयरिस (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं, लहान-मोठं होणारं छिद्र) बंद केला जातो आणि एडिट टेबलावर कळतं की चेहरे काळवंडले आहेत. उन्हातून येऊन लगेच डोळा लावला तर उलटं घडतं: चित्र अंधारं वाटतं, आयरिस उघडला जातो, पांढरे कपडे जळतात, म्हणजे तपशील न उरता सपाट पांढरे होतात. म्हणून व्ह्यूफाइंडर फ्रेम आणि फोकससाठी वापरा. एक्स्पोजर (चित्रात किती प्रकाश घ्यायचा ते) मोजायचं ते झेब्रा (ठराविक उजेडाच्या भागावर उमटणाऱ्या तिरक्या रेघा) आणि वेव्हफॉर्मवर (चित्राच्या उजेडाचा आलेख).

तरीही व्ह्यूफाइंडर नीट लावलेला हवाच. सुरुवात डायऑप्टरपासून, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) तुमच्या नजरेला जुळवण्यापासून. समोरच्या दृश्याकडे लक्ष देऊ नका. टाइमकोडचे आणि बॅटरीचे आकडे बघत आयपीसची रिंग फिरवा आणि आकडे कडकडीत स्पष्ट झाले की थांबा. चष्मा लावून शूट करणार की काढून, हे आधी ठरवा, कारण मध्येच बदललं तर रिंगही बदलावी लागते. शिफ्ट बदलून दुसरा कॅमेरामन आला की त्याने पुन्हा लावायची. हे टाळलं की लेन्सचा फोकस बरोबर असूनही चित्र मऊ वाटतं आणि माणूस उगाच फोकस रिंगशी झगडत राहतो.

मग कॅमेऱ्याचे कलर बार (तपासणीचे रंगीत पट्टे) लावा आणि पीकिंग (फोकससाठी कडा ठळक करून दाखवणारी सोय) पूर्ण बंद करा. डोळा आयकपला घट्ट टेकवून बाहेरचा उजेड तोडा. बारच्या खालच्या काळ्या भागात तीन बारीक उभ्या पट्ट्या असतात: एक काळ्याहूनही काळी, एक काळी, एक किंचित उजळ. उजळ पट्टी जेमतेम दिसावी आणि उरलेल्या दोन एकमेकींत मिसळून जाव्यात, इथवर ब्राइटनेस आणा. तिन्ही दिसत असतील तर ती जास्त आहे, एकही दिसत नसेल तर कमी. कॅमेऱ्याच्या बारमध्ये या पट्ट्याच नसतील तर लेन्सवर झाकण लावा आणि काळं चित्र करडं दिसायचं थांबेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कॉन्ट्रास्ट मधोमध ठेवला तरी चालतो. उजेड बदलला, जागा बदलली, की हे पुन्हा करायचं. काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

कॅमेरा खाली ठेवताना आयपीसचं तोंड सूर्याकडे राहणार नाही याची काळजी घ्या. आयपीसचं भिंग ऊन एकवटतं आणि आतला पडदा कायमचा भाजतो. गिरगाव चौपाटीवर ट्रायपॉडवर कॅमेरा सोडून चहाला जाताना हे हमखास विसरलं जातं.

आता झेब्रा. बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन असतात. झेब्रा १ ठरवलेल्या पातळीच्या आसपासच्या पट्ट्यातच दिसतो, झेब्रा २ ठरवलेल्या पातळीच्या वरचं सगळं दाखवतो. दुसरा १०० टक्क्यांवर ठेवा. तिथे रेघा आल्या की तो भाग फुटण्याच्या, म्हणजे जळण्याच्या, बेतात आहे. पहिला ७० वर ठेवून चेहऱ्यावर रेघा आणायच्या, असं सर्रास शिकवलं जातं. हा आकडा गोऱ्या कातडीच्या चमकणाऱ्या भागांसाठी आहे. सावळ्या माणसाच्या कपाळावर ७० च्या रेघा आणायला गेलात तर त्याचा रंगच धुऊन जातो, मागचं आभाळ तर केव्हाच गेलेलं असतं. नेहमीच्या रेक ७०९ (एचडी टीव्हीचं रंगांचं प्रमाण) चित्रात सुरुवातीला हे आकडे धरा: गोरा चेहरा ६५ ते ७०, गव्हाळ ५५ ते ६५, सावळा किंवा काळा ४० ते ५५. मोजायचं ते कपाळ आणि गालाच्या उजळ भागावर, घामाच्या चमकेवर नाही. मुंबईच्या दमटपणात हा फरक रोज पडतो, तेव्हा मुलाखतीआधी टिश्यू पेपर हाताशी असू द्या.

चर्चगेटबाहेर भर उन्हात डबेवाल्याचा शॉट घ्यायचा म्हणजे याची खरी परीक्षा. टोपी पांढरीशुभ्र, ऊन डोक्यावर, चेहरा टोपीच्या आणि भुवयांच्या सावलीत. आधी टोपी ९० ते ९५ च्या दरम्यान बसवा, मग चेहरा किती खाली जातो ते बघा. ३५ च्या खाली गेला तर आयरिस उघडू नका, रिफ्लेक्टर आणा किंवा माणसाला स्टेशनच्या छपराच्या कडेला उभं करा. दोन्हींपैकी एकच वाचवता येत असेल तर चेहरा वाचवा. टोपीवरचा थोडा भाग फुटलेला चालतो, न दिसणारे डोळे चालत नाहीत.

उन्हात प्रकाश कमी करताना क्रम चुकू नये. आधी एनडी (प्रकाश कापणारा करडा फिल्टर), मग आयरिस. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंदावरच राहू द्या. ते १/५०० केलं की चालणारी माणसं तुटक दिसतात. १/४, १/१६ आणि १/६४ हे एनडी अनुक्रमे २, ४ आणि ६ स्टॉप कापतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). २/३ इंची सेन्सरवर आयरिस एफ/४ ते एफ/५.६ च्या आसपास राहील असा एनडी निवडा. एफ/११ च्या पुढे, म्हणजे आयरिस आणखी बंद केला की, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ पडतं आणि दोष फोकसला दिला जातो. अंधारात गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळ करणं) सर्वांत शेवटी. ६ डीबी म्हणजे एक स्टॉप.

गणपतीच्या दिवसांत झेब्रा सपशेल फसवतो, ते रंगीत एलईडीमुळे. बहुतेक कॅमेऱ्यांचा झेब्रा ल्युमा (तिन्ही रंग मिळून होणारा उजेड) मोजतो आणि रेक ७०९ मध्ये ल्युमात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा फक्त ७. म्हणजे मंडपातला निळा दिवा निळा चॅनेल काठोकाठ भरून टाकतो, तरी झेब्राची एकही रेघ उमटत नाही. मूर्तीचा शेला सपाट निळा ठोकळा दिसतो आणि ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग सुधारताना) त्यातून काही परत येत नाही. आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख) असेल तर तीच बघा. नसेल तर कापडाच्या चुण्या, जरीचे काठ बघत आयरिस एक ते दीड स्टॉप बंद करा आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर छोटा पांढरा दिवा मारा. मंडळाच्या कार्यकर्त्यांना पाच मिनिटं रंगीत दिवे उतरवायला सांगितलं तर बहुतेकदा ऐकतात, विचारून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० शटर सुरक्षित. एलईडी पडद्यावर तरीही आडव्या पट्ट्या सरकत असतील तर क्लिअर स्कॅनने शटर बारीक बारीक बदलत त्या थांबवा.

एस-लॉग ३ मध्ये (सोनी कॅमेऱ्यांची, नंतर ग्रेडिंग करायची फिकट रेकॉर्डिंग पद्धत) हे सगळे आकडे बदलतात. तिथे १८ टक्के करडं ४१ वर आणि ९० टक्के पांढरं ६१ वर बसतं. झेब्रा ७० वर ठेवून चेहरा रेघांत आणलात तर तो पांढऱ्या कागदापेक्षाही उजळ नोंदवला जातो. व्ह्यूफाइंडरमध्ये लट (फिकट लॉग चित्र नेहमीसारखं करून दाखवणारं रूपांतर) लावला असेल तर झेब्रा लॉग मोजतोय की लट लावलेलं चित्र, ते कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं. करडं कार्ड धरून एकदा तपासून घ्या.

पीकिंग फोकसपुरतं. आयरिस बंद असताना सगळ्याच कडा चमकतात आणि काहीच कळत नाही, म्हणून आयरिस पूर्ण उघडून, झूम आत नेऊन फोकस धरा आणि मग आयरिस जागेवर आणा. पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढल्यावर लेन्स आणि आयपीस दोन्हींवर वाफ धरते. तेव्हा चित्र धुरकट, कॉन्ट्रास्ट कमी दिसतो आणि हात आपोआप आयरिसकडे जातो. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गाडीचा एसी बंद करा, खिडक्या उघडा, आणि कॅमेरा बॅगेतच बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ द्या.