‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे? विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी बारा वर्षं काम करते आहे. दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडे दोन-तीन नवी मुलं-मुली अकरा महिन्यांच्या करारावर येतात. कुणी बीसीए, कुणी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, कुणी हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केलेला. हुशार असतात, हात चांगला चालतो. तरी पहिल्या महिन्यात बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडखळतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आस्थापना विभागातून फोन येतो, “मॅडम, नेट बंद आहे.” नवा मुलगा धावत जातो. केबल काढून लावतो, पिंग मारतो (म्हणजे पलीकडच्या मशीनकडून उत्तर येतं का ते बघतो), सगळं ठीक दिसतं. “नेट चालू आहे,” असं सांगून तो परत येतो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजतो आणि या वेळी पलीकडचा आवाज चढलेला असतो.

दोघंही खरं बोलत असतात. कार्यालयात ‘नेट बंद’ म्हणजे ‘माझं काम होत नाहीये’. ते प्रिंटरमुळे अडलेलं असेल, पासवर्डमुळे असेल, नाहीतर सरकारी साइटच बसलेली असेल.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. पगाराची देयकं करायचे दिवस होते आणि लेखा विभागातल्या एका भाऊसाहेबांच्या संगणकावर सेवार्थची, म्हणजे सरकारी पगार देयकांची साइट उघडेना. ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच येत होतं. मी ब्राउझर साफ केला, दुसरा टाकला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. पाऊण तास गेला. शेवटी चहा घेऊन आलेले शिपाईमामा म्हणाले, “मॅडम, ह्या मशीनचं घड्याळ रोज सकाळी चुकलेलं असतं बघा.” खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची, १ जानेवारी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. रात्री मेन स्विच बंद केला की मशीन तारीख विसरायचं. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती मुदत संगणक स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच मागे असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. नाण्याएवढा सेल बदलला आणि साइट उघडली.

तेव्हापासून मी खुर्चीवर बसलेल्या माणसाला आधी विचारते. काय करत होतात? स्क्रीनवर नेमकं काय आलं? काल चालत होतं का? शेजारच्या टेबलावर चालतंय का? आणि हे काम कधीपर्यंत द्यायचंय? शेवटचा प्रश्न कधीच गाळू नका. देयक आजच कोषागारात जायचं असेल, तर दुरुस्ती बाजूला ठेवा, भाऊसाहेबांना दुसऱ्या मशीनवर बसवा आणि मग निवांत स्क्रू काढा.

कधीकधी नेट खरोखरच बंद असतं, आणि त्याचं कारण आपल्या सर्व्हर रूममध्ये सापडत नाही. एकदा एका विभागातली निम्मी मशीनं चालत होती आणि निम्मी नाही. कोणती निम्मी, तेही दर तासाला बदलत होतं. बंद मशीनवर आयपी, म्हणजे जाळ्यातला त्या मशीनचा पत्ता पाहिला तर १९२.१६८ ने सुरू होणारा. आमच्या जाळ्यात तो पट्टाच नाही. म्हणजे दुसरं कुणीतरी पत्ते वाटत होतं. खोलीखोलीत शोधत गेल्यावर एका प्राध्यापकांच्या केबिनमध्ये टेबलाखाली घरून आणलेला छोटा वायफाय राउटर सापडला. केबिनमध्ये मोबाइलला रेंज येत नव्हती म्हणून त्यांनी तो आणला होता आणि भिंतीवरच्या पॉइंटची वायर राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या वायरीची जागा) लॅन पोर्टात (आतल्या मशीनची जागा) खोचली होती. त्यामुळे तो राउटर अख्ख्या विभागाला आयपी देत सुटला. सरांवर कुणी चिडलं नाही, हे मला आजही बरं वाटतं. त्यांची अडचण खरी होती. आम्ही त्या मजल्यावर वायफायचा एक ॲक्सेस पॉइंट वाढवला, आणि परवानगी नसलेल्या उपकरणाने पत्ते वाटू नयेत अशी सेटिंग सगळ्या स्विचवर (मशीनच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेट्यांवर) केली. ती आधीच करायला हवी होती.

एक खूण लक्षात ठेवा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला कुणीच पत्ता दिलेला नाही. आधी वायर, पोर्ट आणि स्विच बघा. दुसऱ्याच पट्ट्यातला पत्ता दिसला, तर असा राउटर शोधायला लागा. आणि अख्खी इमारत एकदम बसली, स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये लावली आहेत का ते पाहा. साफसफाईनंतर लोंबकळणारं टोक नीट लावून टाकावं म्हणून चांगल्या मनाने केलेलं असतं ते.

आता ज्या विषयावर कुठल्याही कोर्समध्ये अक्षरही शिकवत नाहीत, तो सांगते. मराठी टायपिंग.

आपल्या विद्यापीठांचा कारभार मराठीत चालतो. टिपणी, परिपत्रकं, सभेची इतिवृत्तं, नेमणुकीचे आदेश, सगळं मराठीत. त्यातलं वीस-पंचवीस वर्षांचं लिखाण श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी ती फाइल इंग्रजी अक्षरांचीच. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो आणि फोन येतो, “मॅडम, फाइलला व्हायरस लागलाय.” त्या फाइलमध्ये नाव शोधता येत नाही, एक्सेलमध्ये अकारविल्हे यादी लावली की भलताच क्रम येतो, आणि अंध प्राध्यापकांचा स्क्रीन रीडर त्यातलं काहीच वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही लावा.

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ इथे हमखास गडबड होते. इतिवृत्तात एखादी वेलांटी हुकली तर दुरुस्त होईल, पण पदवीवरच्या नावात हुकली तर त्या मुलाला पुढे कित्येक महिने चकरा माराव्या लागतात. नावांची यादी बदललीत की मूळ कागदाशी एकेक नाव ताडून घ्या, आणि ते काम त्या विभागातल्या माणसासोबत बसून करा. आडनावं त्यांना पाठ असतात.

टाइप करणाऱ्याच्या बोटांचाही विचार करा. आपले कितीतरी लिपिक टंकलेखन यंत्रावर मराठी ३० शब्दांची परीक्षा देऊन नोकरीला लागले. त्यांची बोटं रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर तयार झालेली आहेत. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की मिळतो तो इन्स्क्रिप्ट. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. नव्या माणसाला तो लवकर येतो. पण निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाईंना “आता हे शिका” म्हणणं हा त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचा अपमान आहे. रेमिंग्टनच्याच पद्धतीने युनिकोड उमटवणारी साधनं आहेत, ती त्यांना बसवून द्या. बाईंची बोटं तशीच चालत राहतात आणि फाइल युनिकोडमध्ये तयार होते.

नव्यांना इन्स्क्रिप्ट शिकवताना मी ‘दुसऱ्या’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण सगळ्यांचं अडतं ते तिथेच. ‘र’ ची कळ शिफ्ट धरून दाबा, म्हणजे ‘ऱ’ उमटतो, मग हलन्त (अक्षर पाय मोडून जोडणारी खूण), मग ‘य’, मग काना. एकदा हा ‘ऱ्या’ जमला की चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघण्यासारखा असतो. तुम्हालाही मराठी टाइप करता यायलाच हवं. नाहीतर ज्यांच्या अडचणी सोडवायच्या, त्यांच्या टेबलावर दिवसभर काय चालतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मोठं चित्रही थोडं माहीत असू द्या. आपल्या संस्थेच्या पत्त्याच्या शेवटी जे एसी डॉट इन असतं, त्याची नोंदणी अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे होते. तिचं नूतनीकरण कुणाच्या लॉगिनने आणि कुणाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होतं ते आजच शोधून ठेवा. तो माणूस निवृत्त झालेला असू शकतो. अनेक विद्यापीठांना राष्ट्रीय ज्ञान जाल, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या वेगवान एनकेएनची जोडणी आहे. या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०१० मध्ये मान्यता दिली. शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा चालवणारं इन्फ्लिबनेट आज गांधीनगरला आहे, पण १९९१ मध्ये ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते. आणि तुमचं विद्यापीठ एज्युरोममध्ये (आपल्याच लॉगिनने दुसऱ्या विद्यापीठांतही वायफाय देणारी जागतिक सेवा) असेल, तर परदेशी परिषदेला निघालेल्या प्राध्यापकांचा फोन इथेच, आपल्या आवारात जोडून तपासून द्या. वापरकर्त्याचं नुसतं नाव चालत नाही, पुढे @ आणि संस्थेचा पूर्ण पत्ताही (एसी डॉट इनपर्यंत) लागतो. तिकडे विमानातून उतरून थकलेला माणूस तुम्हाला रात्री दोन वाजता फोन करेल आणि तिथून काहीच करता येणार नाही.

ईमेलचं काम बाहेरून सोपं दिसतं, पण मन खाणारं तेच. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये थांबली आणि मोफत आवृत्तीत अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी आले. करोनाच्या काळात घेतलेल्या तासांच्या चित्रफितींनी आमच्याकडे त्यातला मोठा भाग व्यापला होता. जागा करायची म्हणून कुणाचं काहीही परस्पर पुसू नका. निवृत्त प्राध्यापकांना फोन करा, मुदत द्या, सगळं उतरवून घ्यायला शेजारी बसून मदत करा. एका सरांच्या ड्राइव्हवर त्यांच्या चाळीस वर्षांच्या क्षेत्रभेटींची टिपणं होती, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

फसव्या मेलबद्दल एकच आग्रह धरते. कुणी घाबरत येऊन म्हणालं, “मी त्या लिंकवर पासवर्ड टाकला,” तर पहिलं वाक्य “बरं झालं लगेच सांगितलंत” हेच असू द्या. मग पासवर्ड बदला, बाकी सगळीकडची लॉगिनं बंद करा, आणि मेल आपोआप बाहेर पाठवणारा एखादा नियम लावून ठेवलेला नाही ना ते पाहा. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि लॉग (यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. रागावलात तर पुढचा माणूस दोन दिवस गप्प बसेल, आणि ते सहा तास तुमच्या हातात उरणार नाहीत.

नोकरीबद्दलही मोकळेपणाने सांगते. कराराचा पगार कमी आहे, आणि नूतनीकरणाची फाइल दरवर्षी टेबलाटेबलावर फिरते. हे मी सोसलंय आणि ते योग्य आहे असं मला आजही वाटत नाही. पण शिकायला इथे जेवढं मिळतं तेवढं एखाद्या कॉल सेंटरच्या ठरीव प्रश्नोत्तरात मिळणार नाही. एकाच आठवड्यात फायबरचा जोड, सर्व्हरचा बॅकअप, खरेदीची टिपणी आणि कुलसचिवांची ऑनलाइन सभा. लिनक्स शिका, स्विच कमांडवरून चालवायला शिका. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची खरेदी, जडवस्तू नोंदवही (सामानाची नोंद) आणि निर्लेखन (निकामी सामान नोंदीतून काढणं) या गोष्टी कंटाळवाण्या वाटतील, पण विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर जुन्या मशीनचा प्रश्न आमच्याकडे ज्यांनी मार्गी लावला, ते नोंदवही नीट ठेवणारेच होते. कुठलं मशीन कोणत्या वर्षीचं आणि विंडोज ११ कुठे चालेल, हे त्यांना एका दिवसात सांगता आलं. आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीत ती वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामी येते.

पहिल्या आठवड्यात टेबलावर बसू नका. जुन्या माणसाबरोबर आवार पायी फिरा, प्रत्येक इमारतीतला रॅक (स्विच ठेवायचं कपाट) कुठे आहे ते कागदावर काढा, कोणत्या रॅकला यूपीएस आहे ते लिहा. आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, तो माणूस रजेवर असला तर दुसरी कुठे मिळते, हेही लिहा. ऐन निकालाच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा भवनाचा स्विच बसला होता, सुटा स्विच माझ्या हातात होता, आणि आम्ही दीड तास कुलपासमोर उभे होतो.